रंजिताच्या कोडमधली चूक

रंजिताला नोकरी लागली ही बातमी दर्शनाला तिच्या आईनं दिली, आणि तीही मेथी निवडता निवडता, जणू शेजारच्या म्हशीला रेडकू झालं होतं.

“तुझी ती रंजिता गो, हॉस्टेलवाली. ठाण्याला लागली कंपनीत. तुमचंच ते, कॉम्प्युटरचं.”

“कोण म्हणालं?”

“शहापूरच्या बाजारात त्यांच्या हॉस्टेलच्या बाई भेटल्या. पेढा दिला मला.” आईनं देठ मोडून बाजूला टाकला. “तुझ्यापेक्षा हुशार होती काय ती?”

दर्शना आत गेली आणि लॅपटॉप उघडून नुसतीच बसली.

भातसानगरच्या कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं की कमळाकरची दर्शना म्हणजे कॉलेजातली पहिली. तिचा बाप कमळाकर भातसा धरणाच्या दरवाजांवर ड्युटीला होता. तिचा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा तो साहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगत सुटला होता, “आजवर आपलं पाणी मुंबईला जायचं, आता पोरगी जाणार.” त्याला वर्ष उलटून गेलं. पाणी जात होतं. पोरगी घरीच होती.

मुलाखतीला ती जात नव्हती असं नाही. ऐरोली, ठाणे, एकदा पार पुण्यापर्यंत जाऊन आली. लेखी परीक्षेत बहुतेक ठिकाणी पास व्हायची. मग समोर बसलेला माणूस विचारायचा, “अनुभव?” ती कॉलेजचा प्रोजेक्ट उघडून दाखवायची, ग्रंथालयाची पुस्तकं सांभाळणारा. ऐरोलीच्या एका साहेबानं तो पाहून डोळे चोळले. “सकाळपासून मी ग्रंथालयच बघतोय हो. हे कुठल्या ग्रंथालयात चालतं?” ते कुठेच चालत नव्हतं. एकदा वैतागून ती म्हणाली होती, “तुम्ही घेतलंत तर अनुभव येईल ना, सर.” समोरच्या साहेबांनी अतिशय नम्रपणे तिची फाइल बंद करून तिच्याकडे सरकवली.

तेव्हापासून ती घरी बसून एकामागून एक ऑनलाइन कोर्स करत होती. प्रमाणपत्रं येत होती. ती कुणी मागत नव्हतं.

आणि रंजिता? पहिल्या वर्षाला आली तेव्हा रंजितानं कॉम्प्युटरला हातसुद्धा लावलेला नव्हता. सिद्धगडच्या डोंगरात, मुरबाड तालुक्यात तिची वाडी. घरी भाताचा एक तुकडा आणि बाकी हिरडा, मोहाची फुलं, करवंदं. शहापूरला मुलींच्या हॉस्टेलात राहायची. प्रॅक्टिकलला दर्शनाच्या शेजारची खुर्ची पकडायची आणि प्रोग्राम अडला की हळूच कोपर मारायची. दर्शना तिचा कीबोर्ड ओढून घ्यायची, चूक शोधून द्यायची. “तू नसतीस तर मी नापास झाले असते गो,” असं रंजिता तीन वर्षांत कितीदा तरी म्हणाली होती. दर्शनाला ते वाक्य फार आवडायचं. किती आवडायचं, हे तिला आज कळत होतं.

“कोट्यातनं लागली असंल,” बाहेरून आई म्हणाली.

खाजगी कंपनीत कोटा नसतो हे दर्शनाला पक्कं माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं. पण तिनं ते वाक्य काही उच्चारलं नाही. आईचं म्हणणं तिनं तसंच घरात राहू दिलं.

पुढच्याच आठवड्यात कॉलेजातून अक्षय सरांचा फोन आला. शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी एक कार्यक्रम ठेवला होता, पहिली नोकरी मिळण्याआधी अनुभव आणायचा कुठून, यावर. “रंजिता बोलणार आहे. तूही ये. तू तर आमची टॉपर.”

न जाण्याचं कारण तिला सुचलं नाही. ती मागच्या बाकावर जाऊन बसली.

रंजिता साडी नेसली होती. माइक तिच्या तोंडापासून लांब होता, तरी आवाज शेवटपर्यंत पोचत होता. ती कसलीच मोठी भाषा बोलली नाही. तिच्या वाडीतली माणसं डोंगर उतरून खालच्या गावात रेशन आणायला जातात. दुकान कधी बंद, कधी धान्य आलेलं नाही, कधी मशीनला रेंज नाही म्हणून अंगठा उठत नाही. मग रिकामी पोती घेऊन डोंगर परत चढायचा. पास झाल्यावर घरी बसली होती तेव्हा तिनं एवढंच केलं, की दुकानदार जैतूनं त्याच्या मोबाइलवर एक बटण दाबलं की वाडीतल्या सगळ्यांना आपोआप फोन जातो. त्यात तिच्या सकुबाई मावशीचा आवाज, वाडीच्या बोलीत. धान्य आलंय, या.

“पहिल्यांदा चुकून मध्यरात्री फोन गेले,” रंजिता म्हणाली. पोरं हसली. “मावशीला शिव्या पडल्या. मग ते नीट केलं. मग दुसरं बिघडलं. असं करत करत शिकले. तुमच्या शेजारी कुणाला काय त्रास आहे ते बघा, त्याच्यासाठी काहीतरी बनवा आणि त्याला वापरू द्या. तो शिव्या देईल. त्या शिव्या म्हणजेच अनुभव. आणि सगळा कोड मी इंटरनेटवर उघडा ठेवला, कुणालाही वाचता येईल असा. कंपनीत मला विचारलं, हे कोण वापरतं? मी म्हटलं, माझी मावशी. त्यांना वाटलं, मजा करते. मग मी मावशीलाच फोन लावून दिला.”

टाळ्या पडल्या. त्या थांबायच्या आत रंजितानं मागे बोट दाखवलं. “ती बसलीय ना, दर्शना. मला पहिला प्रोग्राम तिनं शिकवला.”

सगळी पोरं मान वळवून बघायला लागली. अक्षय सरांनी तिच्यासाठी वेगळी टाळी वाजवायला लावली. दर्शनानं हसून मान हलवली. तिला वाटलं, कुणीतरी ताटातलं उरलेलं उचलून आपल्या हातावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आई-बाबा खर्डीला लग्नाला गेले होते. दर्शनानं गिटहबवर, कोड उघडे ठेवायच्या त्या साइटवर, रंजिताचा कोड उघडला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

कोड गबाळा होता. वाचता वाचता तिच्या अंगात एक प्रकारची हुशारी चढत गेली. एकच काम तीन ठिकाणी लिहिलेलं. नावं कशीही ठेवलेली, नवीन, नवीन२, खरंनवीन. हिला नोकरी लागली? ह्या कोडवर? तिनं एकेक चूक टिपून घ्यायला सुरुवात केली. जेवायचंही राहिलं. कोर्सच्या व्हिडिओंसमोर ती वर्षभरात इतकी एकाग्र कधी झाली नव्हती.

आणि मग तिला ती फाइल सापडली. वाडीतल्या सगळ्यांचे मोबाइल नंबर, नावांसकट. बुधू, सोमी, सकुबाई. सगळा कोड उघडा ठेवताना रंजितानं ती फाइलही तशीच उघडी ठेवली होती. जगातल्या कुणालाही ती दिसत होती.

अशी चूक सापडली तर काय करायचं हे दर्शनाला माहीत होतं. अक्षय सरांनी एक अख्खा तास त्यावर घेतला होता. ज्याची चूक त्याला गुपचूप कळवायचं. ती दुरुस्त झाली की मग पाहिजे तर बोलायचं. आधी चारचौघांत बोललं तर चोरालाच पत्ता मिळतो.

तिनं ‘कान्हा’ नावानं नवीन खातं उघडलं आणि त्याच पानावर, सगळ्यांना दिसेल असं, इंग्रजीत लिहिलं. अमुक फोल्डरात, अमुक फाइलमध्ये गरीब लोकांचे नंबर उघडे पडले आहेत, लिहिणारीला लाज वाटली पाहिजे, आणि अशा मुलीला नोकरी देणाऱ्या कंपनीनं हे जरूर बघावं. खाली बाकीच्या चुकाही घातल्या. बटण दाबलं तेव्हा तिला उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यायल्यासारखं वाटलं.

सकाळी रंजिताचा फोन आला.

“दर्शना, मोकळी हायस काय गो जरा?” आवाज बसला होता. “कोण कान्हा म्हणून आहे. त्यानं माझ्या कोडवर लिहिलंय. लय वाईट लिहिलंय.”

“काय लिहिलंय?” दर्शनानं विचारलं. स्वतःचा आवाज इतका सरळ निघाल्याचं तिला नवल वाटलं.

रंजितानं सगळं वाचून दाखवलं. लाज वाटली पाहिजे, तेही. “पण खरंच आहे गो त्याचं. माझ्या डोक्यातच नाय आलं. फाइल काढली मी लगेच. पण जुन्या आवृत्त्यांत ती अजून दिसते म्हणे. मुळापासून कशी काढतात? ऑफिसात विचारायची लाज वाटते. नवीन हाय ना मी. म्हटलं, तुलाच विचारावं.”

ते काम दर्शनाला येत होतं. चहा गार व्हायच्या आत झालं असतं.

“ते नीट बघून करावं लागतं,” ती म्हणाली. “घाईत केलं तर सगळंच उडेल. बघते, टाइम मिळाला की.”

“कधी?”

“बघते म्हटलं ना.”

तो दिवस तिनं काहीही न करता काढला. दुसराही. संध्याकाळी बाबांचा डबा द्यायला धरणावर गेली, तिथं कठड्याला टेकून उभी राहिली. ती आपल्याला विचारतेय, आपल्यावाचून तिचं अडलंय, हे पुन्हा पुन्हा मनात घोळवत राहिली. तिसऱ्या दिवशी रंजिताचा साधा ‘झालं का?’ असा मेसेज आला तेव्हा तिनं बसून ते करून टाकलं. रंजितानं हात जोडल्याची चार चित्रं पाठवली.

पण तोवर वाडीत फोन यायला लागले होते.

गोड आवाजाची कुणी बाई हिंदीत बोलायची. तुमचं रेशनकार्ड बंद होणार आहे, मोबाइलवर आलेला आकडा सांगा. ते त्या फाइलवरून आले की आणखी कुठून, हे कधीच कुणाला नक्की सांगता आलं नसतं. असे फोन सगळीकडेच येतात, असं दर्शना स्वतःला सांगत होती. कुणी फसलं नाही. बुधूबाबांनी तर त्या बाईला पाऊणतास आपल्या गुडघ्यांची हकिकत ऐकवली. पण पुढच्या आठवड्यात खरंच धान्य आलं, जैतूनं बटण दाबलं, सगळ्यांना फोन गेले, आणि सगळ्यांनी ते उचलून लगेच ठेवून दिले. कुणीच खाली गेलं नाही. महिना संपला, न उचललेलं त्या महिन्याचं धान्य हातचं गेलं.

“आता कुणी विश्वासच ठेवत नाय,” रंजिता फोनवर म्हणाली. “एवढं केलेलं सगळं पाण्यात. रविवारी येशील काय गो वाडीवर? मला एकटीला सुचत नाय.”

दर्शना हो म्हणाली. रंजितानं बनवलेलं बंद पडलंय ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं, हे खरं. पण सगळ्यांचं धान्य गेलं हे ऐकल्यापासून तिला घास गोड लागत नव्हता, हेही खरंच होतं.

शहापूरहून किन्हवलीमार्गे एसटीनं मुरबाड, आणि तिथून भगीरथच्या जीपनं डोंगराच्या पायथ्यापर्यंत. रंजिता घ्यायला खाली आली होती. चढताना दर्शनाला धाप लागली. रंजिता बोलत बोलत चढत होती. तिला बघून वाटेतल्या बायका भारे टेकवून थांबत होत्या, तिच्या गालावरून हात फिरवत होत्या. ‘आमची रंजी.’ दर्शना मागे उभी राहून घाम पुसत होती. इथं येऊनही तिच्या छातीत तेच दुखत होतं.

सकुबाईच्या ओट्यावर माणसं जमली. सकुबाई भडकलेली होती.

“माझा आवाज ऐकून फोन ठिवतात मेले! इतकी वर्सं हाका मारते, तवा कोनाला मी चोर वाटली नाय.”

“सकू, आवाज तुझाच व्हता, ते कळलं मला,” बुधूबाबा शांतपणे म्हणाले. “पन फोनात कोन कोनाचा आवाज काढील, काय सांगावं? ती दुसरी बाई बी लय गोड बोलत व्हती.”

“मी कवा गोड बोलते? तवाच वळखायचं ना मग!”

सगळे हसले. एक बाई तेवढी हसली नाही. ती सोमी. तिच्या मांडीवर तान्हं मूल होतं, नातवंड. “तुमाला हसू येतंय,” ती म्हणाली. “माझी सून बाळंतीन. तिला पेज द्यायला मी चार घरचा उसना तांदूळ आनला. पयलं बरं व्हतं. फोन नव्हता, पन आमी आठवड्यातनं एक येळ जाऊन बघत तर व्हतो. फोनाच्या भरवशावं ऱ्हायलो आन गेलं.”

रंजितानं मान खाली घातली. दर्शनानं दुसरीकडे पाहिलं.

तिनं जिकडे पाहिलं तिकडे बुधूबाबा उठून ओट्याच्या कडेच्या दगडावर चढत होते. रेंज वाडीत येऊन-जाऊन असायची, तिथं हमखास मिळायची. त्यांनी साधा मोबाइल कानाला लावला, एक घंटी वाजू दिली आणि कापला.

“कुणाला हो बाबा?” दर्शनानं विचारलं.

“भगीरथाला. मला मुरबाडला जायाचं हाय, थांब म्हनून. त्यो उचलत नाय. निगताना उलटा फोन मारतो.”

“आणि त्याचा फोन आला की तुम्ही उचलता? भीती नाही वाटत?”

“आता? मीच त्याला हाक दिली, मंग त्यो बोलनार. त्यात भ्या कसलं?”

दर्शना उठून उभी राहिली. “रंजिता, आपण फोन करायचाच नाही.”

“म्हणजे?”

“यांनीच करायचा. एक नंबर ठेवू. यांनी त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. उलटा फोन येईल, त्यात मावशीचा आवाज. आज धान्य आहे, किंवा आज नाही. ज्यानं विचारलं त्यालाच उत्तर. आपल्याकडून कुणाला आपणहून फोन जाणारच नाही. मग आपणहून जो फोन आला, तो चोराचा.”

“मंग आमचे नंबर तुमच्यापाशी ठिवायला नकोत?” बुधूबाबांनी विचारलं.

“नकोत. उत्तर दिलं की पुसून टाकायचे.”

“हां. हे बरं.”

रंजिता टक लावून तिच्याकडे बघत होती. मग मावशीकडे वळून म्हणाली, “बघ, मी सांगितलं व्हतं ना तुला? आमच्यात खरी हुशार ही हाय.”

तीन वर्षं जे ऐकायला दर्शनाला आवडायचं, तेच ती पुन्हा ऐकत होती. पण आता ते तिला सोसेना. निघताना रंजिता पोचवायला आली तेव्हा उतारावर करवंदीच्या जाळीपाशी ती थांबली.

“कान्हा मीच,” ती म्हणाली.

रंजिताला आधी समजलंच नाही. मग ती पायवाटेच्या मधोमध थांबली.

“मी तुला फोन केला, वाचून दाखवलं, तेव्हा…”

“हो.”

“आणि तुला टाइम नव्हता…”

“होता.”

खालून भगीरथनं हॉर्न वाजवला. रंजितानं एकदा तिकडे बघितलं. “का गो?”

“तू पुढे गेलीस.”

“तीन वर्षं तू पुढे व्हतीस,” रंजिता म्हणाली. “मी काय केलं तुझं?”

दर्शना करवंदीची पानं खुडत राहिली.

“मला नको सांगूस,” रंजिता म्हणाली. “सोमीकाकूला जाऊन सांग.” आणि ती तिथंच दगडावर बसून राहिली, जणू दर्शना खरंच परत वर जाते की नाही ते तिला बघायचं होतं.

दर्शना वर गेली. सोमी अंगणात बाळाचे कपडे वाळत घालत होती. दर्शनानं सांगायचा प्रयत्न केला, पण इंटरनेट, फाइल, कोड यातलं काहीच सोमीच्या उपयोगाचं नव्हतं.

“म्हंजी त्या चोरांना तू धाडलंस?”

“नाही काकू. पण दार उघडं होतं ते मी ओरडून सगळ्यांना सांगितलं. रंजिताला कानात सांगायचं होतं.”

सोमीनं लंगोट झटकला, दोरीवर टाकला. “मंग आता दार लाव जा,” ती म्हणाली आणि आत गेली. या, बसा, पाणी घ्या, काही म्हणाली नाही.

घरी आल्यावर दर्शनानं सगळ्यात आधी त्या पानावर स्वतःच्या नावानं लिहिलं, की ‘कान्हा’ म्हणून लिहिणारी मीच, आणि ते उघड्यावर लिहायला नको होतं. मग कामाला बसली. वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट ते किचकट निघालं. वाडीची रेंज अशी, की उलटा फोन जाईपर्यंत माणूस दगडावरून उतरलेला असायचा. मग तिनं पुन्हा प्रयत्न करायची सोय केली, तर बुधूबाबांना दुपारभर फोन येत राहिले. जैतू धान्य संपल्यावर बटण दाबायला विसरायचा. त्याच्यासाठी तिनं वेगळाच उपाय काढला, दुकानाचं मशीन सुरू केल्यावर त्यानंही एक मिस्ड कॉल द्यायचा आणि बंद करताना दुसरा. त्यासाठी ती दोनदा खालच्या गावात जाऊन त्याच्या दुकानात पोत्यावर बसून आली.

ती लिहायची ते सगळं रंजिता तपासायची. दोघींत तेवढंच बोलणं उरलं होतं. रंजिताच्या टिपा दोन-दोन शब्दांच्या असायच्या. ‘चुकतंय. बदल.’ ‘हे का?’ ‘रेंज गेली तर?’ दर्शनाची कानशिलं तापायची. हिनं माझ्या चुका काढायच्या? पण चूक बहुतेक वेळा खरीच असायची. ठाण्याच्या त्या ऑफिसात रंजिता भराभर शिकत होती, आणि ते शिकणं टिपांमधून दिसत होतं. ते बघून दर्शना आणखी जळायची आणि आणखी नीट लिहायची.

महिन्याअखेर ते सुरू झालं. पहिले काही दिवस पोरं गंमत म्हणून मिस्ड कॉल देऊन सकुबाईचा आवाज ऐकायची. मग धान्य आलं, आणि वाडी खाली उतरली. पुढच्या महिन्यात शेजारच्या दोन वाड्यांनी नंबर मागून घेतला. मुरबाडच्या एका पेपरचा माणूस येऊन गेला. फोटो रंजिताचा आणि सकुबाईचा छापून आला, बातमीत दर्शनाचं नाव नव्हतं. तिनं तो पेपर कॉलनीत कुणाला दाखवला नाही. बाबांनी स्वतःच कुठून तरी आणला, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि म्हणाले, “यात तुझंपण हाय ना काम?”

“हाय.”

“मंग बस झालं,” ते म्हणाले. तिला मात्र ते बस झालं नव्हतं. दोन दिवस ती धुमसत होती.

पावसाळा सरता सरता कल्याणच्या एका लहान कंपनीतून तिला बोलावणं आलं. समोर एक मध्यमवयाच्या बाई आणि एक तरुण होता, प्रज्वल नावाचा. त्यानं ग्रंथालय बघायला मागितलं नाही, कारण तिनं ते अर्जात लिहिलंच नव्हतं. तिनं मिस्ड कॉलचं काम उघडलं. कोण वापरतं, रेंज गेली तर काय, दुकानदार विसरला तर काय, ते विचारत गेले. तिला एकाही प्रश्नाला थांबावं लागलं नाही. हे सगळं आधीच कुणीतरी दोन-दोन शब्दांत विचारून झालं होतं.

मग बाईंनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला. “इथं खाली तुम्ही लिहिलंय, कान्हा म्हणजे मीच. हे काय?”

ते त्यांच्या नजरेला पडेल असं तिला वाटलं नव्हतं. पुसून टाकता आलं असतं, इतके दिवस हाताशी होतं. तिनं सांगितलं. चूक कुणाची होती, कशी सापडली, कशी सांगायला हवी होती, कशी सांगितली.

“असं का केलंत?”

“हेवा वाटला, मॅडम.”

प्रज्वलनं खाली बघितलं. बाई हसल्या नाहीत. “आता वाटत नाही?”

“वाटतो,” दर्शना म्हणाली. “पण आता चूक दिसली की आधी ज्याची त्याला सांगते.”

घरी येईपर्यंत तिची खात्री झाली होती की हे घालवलं. पण दोन दिवसांनी मेल आला. टेस्टिंगच्या विभागात घेत होते, सहा महिने बघून मग कायम. दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधायच्या आणि ज्याच्या त्याला नीट कळवायच्या, हेच काम.

आई देवापुढे साखर ठेवायला धावली. बाबा ड्युटीवर होते. दर्शना बाहेर पायरीवर येऊन बसली आणि तिनं रंजिताला फोन लावला. त्या उतारानंतर दोघी फोनवर बोलल्या नव्हत्या. बराच वेळ घंटी वाजली.

“बोल,” रंजिता म्हणाली.

“मला लागली नोकरी.”

“कुठं?”

दर्शनानं कंपनीचं नाव सांगितलं. पलीकडे ऑफिसातला आवाज येत होता, कुणीतरी कुणाला चहाला बोलावत होतं.

“हॅलो?”

“ऐकतेय,” रंजिता म्हणाली. “त्यांनी मला नाय घेतलं. मी ठाण्याच्या आधी तिथंच गेलेले. मुलाखतीचे दोन राउंड झाले, मग कळवतो म्हणाले.” मग तिनं विचारलं, “तुला किती राउंड झाले?”

“एकच.”

“एकच,” रंजिता म्हणाली.

त्या एका शब्दातला आवाज दर्शनानं ओळखला. वर्षभर तो तिच्या स्वतःच्या घशात अडकलेला होता. क्षणभर तिला इतकं बरं वाटलं की ती पायरीवर ताठ बसली. मग त्या बरं वाटण्याचीच तिला लाज वाटली.

“तुझ्या टिपांमुळे एका राउंडात झालं,” ती शेवटी म्हणाली. “त्यांनी विचारलं ते सगळं तू आधीच विचारलेलं.”

“हां. ते आता चांगलं वाटावं म्हणून सांगतेस.”

“नाय गो. खरं.”

रंजितानं सुस्कारा सोडला. “माझा जळफळाट व्हतोय, दर्शना. खोटं कशाला बोलू?”

“होऊ दे,” दर्शना म्हणाली. “मला सवय आहे.”

पलीकडून हसण्याचा छोटा, नाइलाजाचा आवाज आला. मग रंजिता म्हणाली की तिला मीटिंग आहे, आणि दुसऱ्या वाडीचे फोन सकाळपासून लागत नाहीयेत, ते आधी बघ. दर्शना उठली आणि लॅपटॉप घ्यायला आत गेली.